तांबडी फुली

संध्याकाळच्या आंजेलूसची घंटा आणि मोपाच्या पठारावर उतरणारे विमान यांची गाठ आमच्या चर्चच्या माथ्यावर बहुधा रोज पडते. ५ जानेवारी २०२३ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून वाहतूक सुरू झाली, आणि ज्या पठारावर पूर्वी गुरे चरत व काजूची झाडे उभी होती तेथून माणसे आकाशात जाऊ लागली. आरंभी आमची मुले धर्मशिक्षणाचा वर्ग सोडून अंगणात धाव घेत. आता तीही मान वर करीत नाहीत. पावसाळ्यात मात्र अजून मनात धस्स होते. ढग माडांच्या शेंड्यांना टेकलेले असतात, विमान दिसत नाही, केवळ त्याचा घोष डोक्यावरून सरकत जातो. अशाच एका सायंकाळी एका वृद्ध बाईने मला विचारले, "फादर, त्या माणसाला आत वाट कशी दिसत असेल?" मी उत्तर दिले, "त्याच्यापाशी यंत्रे असतात, माय." धर्मगुरूला सर्वच ठाऊक असावे अशी लोकांची समजूत असते, व ती समजूत मोडण्याचे धैर्य आम्हांपैकी थोड्यांनाच असते. त्या उत्तरामागे किती अज्ञान दडले होते ते मला पुढे कळून आले. परंतु तोवर माझ्या हातून एक पत्र लिहिले गेले होते. त्या पत्राची हकीकत वाचकांस सांगावी म्हणून हा लेख.

आमच्या धर्मग्रामातील एका घरचा मुलगा महाराष्ट्रातील एका उड्डाण-शाळेत वैमानिकाचे शिक्षण घेत होता. आपल्या देशात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण पदरी असावे लागते, आणि त्या प्रत्येक तासाला पैसा मोजावा लागतो. बाप तारवावर नोकरीस. त्याने धाडलेली रक्कम आणि काजूची बागायत बँकेत गहाण टाकून काढलेले कर्ज, यांवर हे शिक्षण चालले होते. सव्वाशे तास झाले असतील नसतील, तोच मुलगा ज्या विमानावर शिकत होता ते विमान शाळेने हँगरमध्ये नेऊन उभे केले. विमान सेस्ना १७२ जातीचे, चार जणांचे, मुलाच्या बापापेक्षाही वयाने थोडे मोठे. त्याचा उपकरणांचा जुना फलक, म्हणजे ज्याला तेथील लोक पॅनल म्हणतात तो, काढून नवा बसवायचा होता. दोन महिने लागतील, असे सांगण्यात आले.

मुलाची आई रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर माझ्याकडे आली. "फादर, विमान चांगले उडत होते ना? मग मोडण्याची एवढी काय घाई? आणि तिथे दुसरे तसेच जुने विमान आहे म्हणे. त्यात माझ्या मुलाचे तास पुरे करू द्या, अशा दोन ओळी तुम्ही लिहा. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत."

मला तिचे म्हणणे पटले. पटण्याचे एक कारण माझ्या मनात आधीच घर करून होते. आमच्या गोव्यात कोरीव लाकडी वेदीला चकचकीत तैलरंग फासणारे आणि जुन्या मातीच्या फरशा उखडून त्या जागी घसरड्या लाद्या बसवणारे हात मी पाहिले आहेत. चालू असलेली वस्तू केवळ चकाकीच्या हौसेपायी मोडली जाते, याची मला चीड आहे. हेही त्यातलेच असावे, असे मी धरून चाललो. मी चर्चच्या कागदावर, शिक्का मारून, चांगले पाऊण पानाचे पत्र लिहिले. विद्यार्थी गरीब आहे, कुटुंब कर्जात आहे, तरी दुसऱ्या विमानात त्याचा अभ्यास पुरा करून घ्यावा, अशी विनंती केली. पत्र वाचून माझे मलाच समाधान वाटले, हे येथे कबूल केले पाहिजे.

त्याच रात्री मुलाचे आजोबा आले. गावात त्यांना सारे जण 'मेस्त' म्हणतात. नौदलात त्यांनी आयुष्याची पंचवीस वर्षे काढली, त्यांतील बरीचशी दाबोळीला 'आय. एन. एस. हंसा'वर. विमानांतील तबकड्या व मापके उघडून दुरुस्त करणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर ते गावची घड्याळे दुरुस्त करतात. आमच्या चर्चच्या मनोऱ्यावरील घड्याळ त्यांच्याच कृपेने चालते. त्यांच्या हातात माझे पत्र होते. ते रागावलेले नव्हते. त्यांनी पत्र मेजावर ठेवले आणि म्हणाले, "फादर, तुमच्या कचेरीतली ती फिरती खुर्ची जरा मोकळी करता?"

मी खुर्चीवर बसलो. मेस्तांनी माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि सांगितले की, ज्या बाजूला आपण फिरत आहोत असे वाटेल त्या बाजूला अंगठा दाखवा. स्थिर वाटले तर अंगठा सरळ वर धरा. खुर्ची हळूहळू उजवीकडे फिरू लागली. मी अंगठा उजवीकडे दाखवला. थोड्या वेळाने त्यांनी फिरवणे थांबवले असे मला जाणवले, म्हणून मी अंगठा वर केला. आमचा आचारी दाराशी उभा होता, तो हसू लागला. मग एकाएकी खुर्ची डावीकडे वेगाने फिरू लागली. मी अंगठा डावीकडे दाखवला, आणि दुसऱ्या हाताने खुर्चीचा दांडा घट्ट धरला. आचाऱ्याचे हसणे आता आवरेना. मेस्तांनी रुमाल काढला. खुर्ची जागच्या जागी निश्चल होती.

"तुम्ही म्हणालात थांबली, तेव्हा ती फिरत होती," मेस्त म्हणाले, "आणि तुम्ही म्हणालात फिरते, तेव्हा मी ती धरून ठेवली होती. ढगात गेलेल्या माणसाचे असेच होते. फक्त तिथे रुमाल सोडायला कोणी नसतो."

आपल्या कानाच्या आतील भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात व त्यांत द्रव असतो. डोके वळले की द्रव क्षणभर मागे राहतो, आणि त्यावरून वळण आपल्याला कळते. परंतु वळण एकाच गतीने चालू राहिले तर द्रवही त्या गतीला येऊन मिळतो, आणि मग मेंदूला वाटते की सर्व काही स्थिर आहे. जमिनीवर ही चूक डोळे सुधारून घेतात. ढगात डोळ्यांना आधार नसतो. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात उपकरणांवर उडण्याचे शिक्षण न झालेल्या २० जणांची परीक्षा घेण्यात आली. शेजारी शिक्षक बसवून त्यांना बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था केली होती. वीसच्या वीस जणांचा विमानावरील ताबा सुटला. त्याला लागलेला सरासरी वेळ १७८ सेकंद. म्हणजे जपमाळेचे एक दशकसुद्धा पुरे होऊ नये इतका.

म्हणून माणसाने आपल्या देहाची साक्ष बाजूला ठेवून यंत्राची साक्ष घ्यावयास शिकले पाहिजे, हे विमानविद्येत फार लवकर ओळखले गेले. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळ जेम्स डूलिटल याने झाकलेल्या चालककक्षात बसून, बाहेरचे काहीएक न पाहता, केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवले व उतरवले. त्यातील कृत्रिम क्षितिज हे उपकरण त्या वेळी अगदी नवे होते. आपल्याकडे त्यानंतर तीनच वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूपर्यंत टपाल आणले ते एका लहानशा 'पस मॉथ' विमानातून. त्यात रेडिओदेखील नव्हता. खाली दिसणारी भूमी आणि हातातील नकाशा, हीच त्यांची साधने. ऑक्टोबरचे आकाश स्वच्छ असते, हेही खरे.

मेस्तांनी मग आचाऱ्याच्या मुलाची सायकल मागितली व तिचे पुढचे चाक काढले. चाकाचा आस दोन्ही हातांत धरावयास देऊन त्यांनी ते जोराने फिरवले आणि मला म्हणाले, "आता तिरपे करा." चाक ऐकेना. जणू एखादे हट्टी वासरू दाव्याला ओढ देत होते. आपला लहानपणचा भोवरा फिरत असेतोवर पडत नाही, त्यातलेच हे तत्त्व. कृत्रिम क्षितिजाच्या डबीत असाच एक भोवरा असतो. विमान कसेही कलले तरी तो आपली दिशा सोडत नाही, आणि त्याच्या आधारे काचेमागची रेघ वैमानिकाला सांगते की पृथ्वीचे क्षितिज अमुक बाजूला आहे. जुन्या पॅनलवर सहा मुख्य तबकड्या असतात. वेग, उंची आणि चढ-उताराची गती सांगणाऱ्या तीन तबकड्या हवेच्या दाबावर चालतात. क्षितिज, दिशा आणि वळण सांगणाऱ्या तीन भोवऱ्यांवर. वळणाच्या तबकडीचा भोवरा बहुधा विजेवर फिरवतात, आणि उरलेले दोन हवेच्या ओढीने. हेतू हा की एक शक्ती गेली तर दुसऱ्या शक्तीवरचा साक्षीदार उरावा. एकाच साक्षीवर निकाल देऊ नये हा मोशेच्या नियमशास्त्रातील दंडक. विमानाच्या कारागिरांना तो न वाचताही सापडला, याचे मला कौतुक वाटले.

"आता दुखण्याची जागा सांगतो," मेस्त म्हणाले. हवा ओढण्याचे काम इंजिनाला जोडलेला एक लहान पंप करतो. त्यात कोळशासारख्या द्रव्याची पाती असतात; त्यांना तेल लागत नाही, आणि झिजत झिजत ती एके दिवशी तुकडे होऊन पडतात. त्याची आगाऊ सूचना क्वचितच मिळते. पंप मेला तरी भोवरा तत्काळ थांबत नाही. तो काही मिनिटे फिरतच राहतो, मंद होत जातो, आणि मंद होता होता कलतो. काचेमागची रेघ इतकी सावकाश झुकते की पाहणाऱ्याला वाटावे, विमानच कलते आहे. तो विमान सरळ करावयास जातो, म्हणजे खरे तर वाकडे करतो. ओढ कमी झाली हे सांगणारा एक छोटा काटा पॅनलच्या एखाद्या कोपऱ्यात असतो. पण ढगात घाबरलेल्या माणसाची नजर कोपऱ्यात जात नाही.

"फादर, एकदम बंद पडणारे उपकरण मला चालते. माणूस म्हणतो, हे गेले, आणि दुसरीकडे बघतो. पण मरता मरता खोटे सांगणारे उपकरण वाईट. नव्या पडद्यांचे कौतुक मला रंगासाठी नाही. त्यांना आतून शंका आली की ते रेघ पुसून टाकतात आणि त्या जागी मोठी तांबडी फुली दाखवतात. म्हणजे, मला ठाऊक नाही, माझ्यावर विसंबू नका. आमच्या भोवऱ्याला हे कधी सांगता आले नाही."

मी वाद घातला. शिकाऊ मुलाच्या शेजारी शिक्षक असतो, त्याला बाहेरचे दिसते, मुलाच्या डोळ्यांपुढेच तेवढी झापड असते; मग भीती कसली? मेस्तांनी ते मान्य केले. भीती त्या दिवसाची नाही, म्हणाले. त्या दुसऱ्या विमानातले क्षितिज वळणानंतर सरळ व्हायला उशीर लावते, असे नातवानेच त्यांना फोनवर सांगितले होते. शाळा ते विमान केवळ स्वच्छ उजेडात वापरते, आणि पॅनल बदलण्यासाठी तेच पुढच्या क्रमांकावर होते. "त्यात तो चाळीस तास शिकेल तर काय शिकेल? हे थोडे उशिरा सांगते, आपण समजून घ्यायचे, हे शिकेल. यंत्राला सांभाळून घ्यायची सवय एकदा हाताला लागली की मग ती जात नाही. पुढे दहा वर्षांनी पाठीमागे माणसे बसलेली असताना तो तेच करील."

एवढे बोलून ते उठले. पत्र परत घ्या असे ते म्हणाले नाहीत. ते मेजावर ठेवून गेले, इतकेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरी गेलो आणि पत्र पाठवता येत नाही असे मुलाच्या आईला सांगितले. तिने कारण शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि बँकेचा हप्ता, फादर? तो तुम्ही भरणार?" या प्रश्नाला मजपाशी उत्तर नव्हते. स्वयंपाकघरात मेस्त पाठमोरे बसले होते, त्यांनीही मान वळवली नाही. त्या दिवसापासून ती मिस्साला येई, पण पहिल्या बाकावर बसत नसे. आणि मिस्सानंतर दारात उभ्या असलेल्या माझ्याशी न बोलता बाजूच्या दाराने निघून जाई. दोन महिन्यांचे अकरा आठवडे झाले. त्या घरच्या काजूचे पीक झाडावर असतानाच एका व्यापाऱ्याला पडत्या भावाने विकण्यात आले, ही बातमी मला दुसऱ्यांकडून कळली.

पुढे पुण्यास एका बैठकीसाठी गेलो असता वाट वाकडी करून मी ती शाळा गाठली. विमान हँगरमध्ये होते व त्याचा पुढचा भाग उघडा पडलेला होता. जेथे तबकड्या होत्या तेथे भोके, आणि भोकांमागे तारांचा असा गुंता की कावळ्याचे घरटे त्यापेक्षा नीटस म्हणावे. पन्नास वर्षांत ज्याने ज्याने काही बसवले त्याने आपली तार ओढली होती, आणि काढताना मात्र टोक कापून तेथेच सोडले होते. कित्येक तारांचे वेष्टण बोट लागताच भुगा होऊन पडत होते. तेथील तंत्रज्ञाने मला सांगितले की पडदे बसवायला फारसे दिवस लागत नाहीत. हे निस्तरायला लागतात. शिवाय विमानात एक स्क्रूही कागदाशिवाय बदलता येत नाही. त्या जातीच्या विमानात ते उपकरण चालेल अशी मान्यता हवी, आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची संमती हवी, काम झाल्यावर विमानाचे वजन व तोल पुन्हा काढावयास हवा. सेस्ना १७२ जातीची विमाने १९५६ पासून आजवर ४४,००० हून अधिक बांधली गेली, आणि त्यांतील जुनीपानी अजून जगभर उडत आहेत. २०१६ साली अमेरिकेने अशा लहान जुन्या विमानांत कमी खर्चाची इलेक्ट्रॉनिक उपकरणे बसवण्यास वाट मोकळी करून दिली, तेव्हापासून हे काम सामान्य शाळांच्या आवाक्यात आले. त्या पूर्वी नव्या पॅनलला विमानाच्या किमतीच्या जवळपास पैसा पडे.

नव्या उपकरणात फिरणारे काहीच नाही. वळण आणि ओढ ओळखणारे सूक्ष्म कण सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेले असतात, तसलेच जे आपल्या खिशातील मोबाइलमध्ये असतात व ज्यांच्यामुळे फोन आडवा धरला की चित्र आडवे होते. दिशा ओळखणारा भाग पंखात दूर बसवतात, कारण इंजिनाजवळच्या विजेने तो बहकतो. पंप, नळ्या, गाळण्या सर्व निघून गेल्याने विमान काही किलो हलके झाले. वीज गेलीच तर पडद्याची स्वतःची बॅटरी काही तास चालते. तरीही जुनी वेगाची व उंचीची तबकडी एका बाजूस राखून ठेवली होती, आणि काचेच्या वरच्या कडेला द्रवात तरंगणारे साधे होकायंत्र होते तेथेच होते. ते काढता येत नाही.

मुलगा मला पंखाखाली घेऊन गेला व एक बोटभर नळी दाखवली. तिच्यावर पिशवी घातलेली होती आणि पिशवीला लाल पट्टी लोंबत होती. वेग मोजण्यासाठी समोरची हवा या नळीतून आत शिरते. आपल्या घराच्या चौकटीत मातीचे घरटे बांधणारी कुंभारीण माशी हिच्यातही घर करते. ६ फेब्रुवारी १९९६ रोजी डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ एक मोठे जेट विमान समुद्रात कोसळून त्यातील १८९ जण मृत्युमुखी पडले, त्याच्या मुळाशी अशीच एक बुजलेली नळी असावी असे तपास करणाऱ्यांचे अनुमान आहे. "शापाय म्हणतो, पडदा कितीही नवा असला तरी श्वास ह्याच नाकाने घेतो," मुलगा म्हणाला. आजोबांचे शब्द तो शाळेत इतरांनाही सांगत असावा. कारण तंत्रज्ञ हसला.

मेस्तांना मात्र या नवेपणाचा निर्भेळ आनंद नाही. धर्मशिक्षणाच्या मुलांना घेऊन आम्ही एकदा बोगमाळोच्या वाटेवरील नौदलाच्या विमान-संग्रहालयात गेलो होतो. १९९८ साली उघडलेल्या त्या संग्रहालयात 'सी हॉक', 'आलिझे', 'सी हॅरियर' आणि ते अवाढव्य 'सुपर कॉन्स्टेलेशन' उभे आहे. मुले तोफा शोधीत होती. मेस्त 'आलिझे'पाशी थांबून हाताचा पंजा त्याच्या पत्र्यावर ठेवून उभे राहिले. यातील एकेक तबकडी आपण उघडली आहे, तिच्या दागिन्यासारख्या खड्यांवर चिमट्याने तेलाचा थेंब ठेवला आहे, असे त्यांनी मला सांगितले. आताचा पडदा बिघडला तर कोणी उघडत नाही. डबा बंद करून कंपनीकडे पाठवतात व दुसरा बसवतात. हाताला कामच उरले नाही. आणि पडदा एका वेळी इतके काही सांगतो की मुलगा खिडकीबाहेर पाहावयाचे विसरतो, हीही त्यांची तक्रार. परंतु दाबोळीला दिसणारी नौदलाची डॉर्नियर विमाने आठवून ते म्हणाले की, त्यांचेही दिवस आले. १५ मार्च २०२४ रोजी संरक्षण मंत्रालयाने नौदलाच्या २५ डॉर्नियर विमानांच्या नवीकरणासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सशी २,८९० कोटी रुपयांचा करार केला आहे; त्यात नवी उड्डाण-उपकरणेही आली. "विमानाचे अंग टिकते, फादर. ज्ञान आधी म्हातारे होते," असे ते म्हणाले, आणि मुलांना मोजावयास निघून गेले.

नवव्या आठवड्यात घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या दुसऱ्या विमानासाठी मी पत्र लिहिले होते, त्याचा पंप एके सकाळी जमिनीवरच, उड्डाणापूर्वीच्या तपासणीत, तुटला. कोपऱ्यातील काटा शून्यावर गेला, शिक्षकाने तो पाहिला, विमान परत हँगरमध्ये गेले. कोणास ओरखडाही आला नाही. यावरून मी काहीही सिद्ध करू इच्छीत नाही. माझे पत्र गेले असते तरी त्या सकाळी तो काटा त्या शिक्षकाने पाहिलाच असता. मुलाच्या आईला ही बातमी कळली तेव्हाही ती माझ्याकडे आली नाही, आणि यावी अशी अपेक्षाही मी केली नाही. तिचे नुकसान खरेच झाले होते.

ती आली ती मुलगा नाताळच्या सुट्टीत घरी आल्यावर. त्याचे उपकरणांवरचे तास पुरे झाले होते. एकदा शिक्षकाने मुद्दाम त्याच्यासमोरचा एक पडदा बंद केला तेव्हा काय वाटले, ते तो मला सांगत होता. पहिल्या क्षणी पोटात खड्डा पडला, पण पडदा गेला हे स्पष्ट दिसत असल्याने हात आपोआप दुसऱ्याकडे वळले. देहाला तर सारखे वाटत होते की आपण उजवीकडे कलतो आहोत. "त्याचे ऐकायचे नाही, एवढेच कठीण, फादर," तो म्हणाला. मेस्त बाजूला बसून माझ्या खोलीतील घड्याळाला किल्ली देत होते. ते काही बोलले नाहीत.

आईने पिशवीतून लोरेटोच्या पवित्र मरियेची एक छोटी मूर्ती काढली व मला आशीर्वाद द्यावयास सांगितले. लोरेटोची माता वैमानिकांची आश्रयदात्री आहे. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी २४ मार्च १९२० रोजी तसे घोषित केले. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी आकाशमार्गे लोरेटोस आणले अशी जुनी श्रद्धा आहे, तिचा हा संबंध. मूर्ती मोटारीत लावतात तशी होती, आणि मुलाने ती नव्या पॅनलवर लावावी अशी आईची इच्छा होती. मी हात उचलला, तोच मेस्त म्हणाले, "थांबा, फादर." त्यांनी मूर्ती उलटी केली आणि तिच्या बैठकीला घड्याळाची किल्ली टेकवली. किल्ली चिकटून लोंबकळू लागली.

"लोहचुंबक," ते मुलीला म्हणाले. "ही पॅनलवर लावली तर होकायंत्र तिच्याकडेच बघत बसेल."

आई क्षणभर ओशाळली. मग ती हसली, आणि पुष्कळ महिन्यांनी मी तिला हसताना पाहिले. मी मूर्तीला आशीर्वाद दिला व ती घरच्या क्रुसाजवळ ठेवा असे सांगितले. माझ्या प्रार्थनापुस्तकात लोरेटोच्या मातेचे एक कागदी चित्र होते, ते मी मुलाला दिले. त्याने ते सदऱ्याच्या खिशात घातले. जाताना आई दारात थांबली.

"देव बरें करूं, फादर," ती म्हणाली. "हप्ते अजून चौदा आहेत."